हृदयातले लोह थांबत नाही

२०२० च्या मार्चमध्ये रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना मिळाली. त्याच न्यायाने ठरलेल्या एमआरआय तपासण्यांच्या तारखाही अनेक ठिकाणी पुढे गेल्या. कोविडच्या साथीच्या त्या दिवसांत हे समजण्यासारखे होते. पण गुडघेदुखीचा एमआरआय आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या हृदयाचा एमआरआय एकाच यादीत गेले, ही चूक होती.

थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, ग्रंथींत आणि हृदयात साठते. फेरिटिनच्या रक्तचाचणीवरून हृदयातल्या लोहाचा भरवशाचा अंदाज येत नाही आणि टूडी इको बहुधा उशिरापर्यंत नॉर्मलच दिसतो. हे लोह वेळेत दाखवते ती ‘टी-टू स्टार’ एमआरआय तपासणी. लंडनच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. या तपासणीतला आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह साठले आहे असे समजायचे; १० च्या खाली गेला की हृदय निकामी होण्याचा धोका मोठा. त्यावर लोह उतरवणारी औषधे वाढवायची आणि माणूस वाचवायचा.

टाळेबंदीत रक्ताचा तुटवडा निदान बातम्यांत आला. रक्त मिळाले नाही तर मूल दोन आठवड्यांत मलूल पडते. एमआरआय चुकला तर वरवर काहीच दिसत नाही. म्हणूनच तो ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडला. त्यात ही तपासणी प्रत्येक केंद्रावर होत नाही. तिला वेगळे सॉफ्टवेअर आणि जाणता रेडिओलॉजिस्ट लागतो. गावाकडच्या कुटुंबाला त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते, आणि तेव्हा एसटीही बंद होती आणि रेल्वेही.

यावर उपाय अवघड नाही. कोणाची तपासणी थांबू शकते, हे त्याचा मागचा आकडाच सांगतो. २० च्या वर असलेला रुग्ण काही महिने थांबू शकेल, १० ते २० मधला फार काळ नाही, आणि १० च्या खालचा मुळीच नाही. प्रत्येक थॅलेसेमिया केंद्राने अशी यादी आजच तयार ठेवावी. राज्याच्या साथनियोजनात प्रत्येक विभागात किमान एक एमआरआय यंत्र साथीच्या रुग्णांपासून वेगळे राखावे आणि टाळेबंदीत या रुग्णांना प्रवासाचा पास आपोआप मिळावा. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमियाची अपंगत्व म्हणून नोंद घेतली आहे; तेव्हा ही मागणी मेहेरबानीची नाही. पुढची साथ आली, तर या रुग्णांची तपासणी तातडीची मानली गेलीच पाहिजे.