विश्लेषण : जुन्या गाडीच्या वायपरला दोन वायर का पुरत नाहीत?

जुनी फियाट किंवा जीप हौसेने सांभाळणारे रंगावर आणि क्रोमवर महिने घालवतात. वायपरची मोटर मात्र पहिल्या पावसात आठवते. मूळ मोटर मिळत नाही, म्हणून अलीकडच्या गाडीची बसवली जाते. एक वायर बटणाला, एक बॉडीला, मोटर फिरली की काम झाले! माझ्या मते ते अर्धेच झालेले असते.

बाकीच्या वायर कशासाठी?

दोन वेगांच्या मोटरला साधारणपणे पाच जोडण्या असतात : संथ वेग, जलद वेग, अर्थ, थेट पुरवठा आणि पार्किंग. बटण बंद केल्यावरही मोटरमधला छोटा स्विच पार्किंगच्या वायरीतून वीज देत राहतो. पाती काचेच्या तळाशी आली की तीच वायर अर्थला जोडली जाते आणि मोटर जागीच थांबते. दोनच वायर जोडल्या तर पाती नेमकी डोळ्यांसमोर थांबते. घाटात, धुवाधार पावसात हे परवडणारे नाही.

त्याहून वाईट म्हणजे पार्किंगची आणि संथ वेगाची वायर कायमची एकत्र पिळणे. मग वायपर सुरू असताना प्रत्येक फेरीत शॉर्ट होतो. फ्यूज उडतो म्हणून जाड फ्यूज टाकणारेही आहेत. ते वायरिंग जाळण्याचे आमंत्रण आहे.

जुने बटण काढायचे का?

गरज नाही. पाच पिनांचा रिले पुरतो. ३० क्रमांकाच्या पिनेला संथ वेगाची वायर, ८७ए ला पार्किंग, ८७ ला फ्यूजमधून आलेला पुरवठा. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, त्यांतली एक जुन्या बटणाला, दुसरी अर्थला. जलद वेगाची वायर मोकळी सोडून टोक टेपने बंद करावे. एक वेग जातो, पण डॅशबोर्ड जसाच्या तसा राहतो.

त्याआधी व्होल्टेज पाहा. महायुद्धकालीन विलीज जीपचा पुरवठा ६ व्होल्टचा होता. त्यावर १२ व्होल्टची मोटर रेंगाळते. जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते, तिथे ही जोडणी तशीच चालणार नाही.

‘गाडीचा अस्सलपणा जाईल’ ही सबब मला पटत नाही. २०२१च्या व्हिंटेज नोंदणी नियमांचा आक्षेप चासी, बॉडी आणि इंजिनातील बदलांना आहे. रंगलेल्या पत्र्यावर मोटर बसवल्यास अर्थची वेगळी वायर ओढा, आणि चाचणी काच ओली करूनच घ्या. कोरड्या काचेवर मोटरवर ताण येतो आणि ओरखडेही पडतात.