आठ तासांचा हिशेब

दिवाळीची बुकिंग सुरू झाली की आपल्यासमोर बसलेले ग्राहक विचारतात, ‘लंडनला किती तास लागतात?’ अलीकडे ते हिशेबही घरून करून येतात. मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास. वेळापत्रकात मात्र साडेनऊ-दहा तास दिसतात. हा फरक कुठून आला, हे समजावून सांगणे आपले काम आहे. ‘तेवढे लागतातच’ म्हणून ते टाळू नये.

७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून निघणारे सर्वांत कमी अंतर आहे. विमान नेमके त्या दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या अनेक उड्डाणांना वळसा पडला. शहरांमधले अंतर तेच राहिले, तास वाढले. शिवाय वारा असतो. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ वेगवेगळी सांगावी.

वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीसाठी थांबणे, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे, हे सारे तिच्यात गृहीत असते. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. तिथली रांग आपल्याला नवी नाही.

सर्वाधिक घोटाळा घड्याळाचा होतो. मुंबईहून रात्री दोनला निघून लंडनला सकाळी सातला उतरणारे विमान पाच तासांत पोहोचते, असा समज होतो. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेपाच तासांचा फरक असतो, म्हणजे प्रवास साडेदहा तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो.

नातवंडाला पाहायला पहिल्यांदाच निघालेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या आजींसाठी ही माहिती फार मोलाची असते. पुढचा डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा, हे त्यांना डॉक्टरांना विचारावे लागते आणि डॉक्टरांना खरे तास लागतात. घरातून निघण्यापासून मुलाच्या दारी पोहोचेपर्यंतचे तास तर तिकिटावर कुठेच नसतात.

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक तिकिटासोबत मराठीत एक कागद द्या. त्यावर विमानातले एकूण तास, दोन्ही ठिकाणची स्थानिक वेळ तारखेसह आणि दारापासून दारापर्यंतचा अंदाज मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याला पाच मिनिटे लागतील. आजींना तो कागद प्रवासभर हाताशी राहील.