कीर्द आधीं, खतावणी मागून

गेल्या आषाढांत करवीर तालुक्यांतील एका खेड्यांत आमचें जाणें झालें. ज्यांच्या घरीं उतरलों होतों ते आमचे स्नेही तेथील दूधसंस्थेचे सेक्रेटरी. तेव्हां सकाळीं चहा घेऊन आम्हीही त्यांच्याबरोबर संस्थेंत जाऊन बसलों. जिल्ह्याचा दूध संघ १९६३ सालीं निघाल्यापासून कोल्हापुराकडे हें दृश्य नित्याचें आहे. किटल्या घेऊन उभी असलेली रांग, काटा, फॅट पाहण्याचें यंत्र, आणि अलीकडे त्या दोहोंस जोडलेली एक लहानशी पेटी. ही पेटी लिटर, फॅट व दर यांचा हिशेब करून हातांत चिठ्ठी देते आणि दहा दिवसांच्या बिलासाठीं नोंद आपल्या पोटांत ठेवते.

रांग अर्धी सरली असतां वीज गेली. पांच मिनिटांनीं आली, पेटी जागी झाली, आणि पाहतों तों आठ दिवसांची सारी नोंद नाहींशी! एका म्हातारीनें विचारलें, "आन् माझं आठ दिसाचं दूध यंत्रानं प्यालं व्हय?" सेक्रेटरी मान खालीं घालून म्हणाले, "मावशी, चिठ्ठ्या घेऊन या, बघूया." चिठ्ठ्या कोणाच्या भिजल्या होत्या, कोणाच्या चुलींत गेल्या होत्या. तीन रात्री बसून हिशेब जुळविला, तरी कांहीं घरांचे पैसे अंदाजानेंच द्यावे लागले. ज्या घरांत दुधाच्या पैशावर मुलांच्या वह्या येतात, तेथें हा अंदाज काय करतो तें सांगावयास नको.

वीज गेली म्हणजे दिवा विझावा हें खरें; पण आधीं लिहिलेलें पुसलें कां जावें? आमचा एक पुतण्या अशाच यंत्रांचें काम करतो. त्यानें पेटी उघडून पाहिली व जें सांगितलें तें वाचकांपुढें ठेवतों.

अशा पेट्यांत नोंद राहते ती फ्लॅश नांवाच्या चिपवर. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं ती १९८४ सालीं जगापुढें मांडली. तिचा स्वभाव खण पाडलेल्या पाटीसारखा आहे. कोऱ्या जागीं कोठेंही लिहितां येतें. पुसावयाचें झालें तर मात्र एक अक्षर पुसतां येत नाहीं, सबंध खणच पुसावा लागतो. शिवाय लहान यंत्रांतील नेहमींच्या चिपचा खण सुमारें एक लाख वेळां पुसला कीं झिजतो. ह्या पेटीचा कर्ता आळशी निघाला. त्यानें सगळी अनुक्रमणिका एकाच ठरलेल्या खणांत ठेवली होती, आणि प्रत्येक नोंदीला तो खण पुसून पुन्हा लिहीत असे. पुसणें झालें, लिहिणें व्हावयाचें होतें, आणि नेमक्या त्या क्षणीं वीज गेली. तशी गेली नसती तरी पेटीचें आयुष्य थोडेंच होतें. सभासद दोनशें, दूध दोन वेळां, म्हणजे दिवसाला चारशें नोंदी. लाखाला चारशेंनीं भागिलें तर अडीचशें दिवस येतात! फ्लॉपीच्या काळांत, १९७७ सालीं, निघालेली एक जुनी पद्धति अनुक्रमणिका अशीच ठरल्या जागीं ठेवते. योगायोगानें तिचेंही नांव फॅट. दुधाशीं तिचा संबंध नाहीं.

याला उपाय आमच्या वाचकांच्या आजोबांस ठाऊक होता. पेशवे दप्तरांत रोजकीर्दी आहेत. दुकानदारही दिवसाचा व्यवहार आधीं कीर्दींत क्रमानें मांडतो व मागाहून खतावणी करतो. कीर्दींत मागचें खोडीत नाहींत, पुढें लिहितात. स्वीडनमधील ॲक्सिस कंपनीनें १९९९ च्या सुमारास याच तत्त्वावर फ्लॅशसाठीं जेएफएफएस ही पद्धति रचली. तिच्यांत एक अडचण होती. यंत्र सुरू होतांना सारी कीर्द पहिल्यापासून वाचावी लागे, आणि चिप मोठी झाली कीं त्यांत फार वेळ जाई. दूधसंस्थेच्या पेटीएवढ्या गरीब यंत्रांसाठीं एआरएम कंपनींतील ख्रिस्तोफर हेस्टर यांनीं २०१७ सालीं 'लिट्ल-एफएस' प्रसिद्ध केली. तिच्यांत अनुक्रमणिकेला एकाऐवजीं दोन खण असतात. एक भरला कीं दुसरा पुसून त्यावर नवी प्रत उतरवावयाची. ती पुरी होईपर्यंत पहिल्याला हात लावावयाचा नाहीं. प्रत्येक नोंदीच्या शेवटीं ताळा असतो. ताळा जुळला नाहीं तर ती नोंद झालीच नाहीं असें धरून यंत्र आधीच्यावर चालतें. झीजही अनेक खणांवर वांटली जाते.

मात्र पद्धति चांगली असून भागत नाहीं. यंत्र करणारा दिवसभर फाईल उघडी ठेवून संध्याकाळीं एकदांच मिटवीत असेल, तर दिवसभराचें दूध वाऱ्यावरच. प्रत्येक चिठ्ठीबरोबर नोंद पक्की झाली पाहिजे. "आंत बॅटरी आहे" असें विक्रेते सांगतात. पण दोनचार वर्षांनीं बॅटरी थकते, तेव्हां वही तिच्यावांचूनच टिकली पाहिजे. कागद बरा म्हणावें, तर २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेनें किती दप्तरें भिजविलीं तें आम्ही पाहिलें आहे. आणि ही फजिती खेड्यांतल्याच पेटीची होते असें नाहीं. २००४ च्या जानेवारींत मंगळावरील 'स्पिरिट' ही गाडी फ्लॅशमधील फायलींचा पसारा न आवरल्यामुळें पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहिली. शेवटीं पृथ्वीवरून त्या फायली काढाव्या लागल्या.

संस्थेनें पुढें नवी पेटी घेतली. पैसे देण्यापूर्वीं सेक्रेटरींनीं ती ओट्यावर मांडली, पुतण्याच्या सांगण्यावरून बॅटरी काढून ठेवली, आणि खोट्या नोंदी चालू असतांना तीस वेळां प्लग उपटला. विक्रेत्याचा माणूस "अहो साहेब, यंत्र बिघडेल" म्हणत होता. मागची एकही नोंद गेली नाहीं. दोन वेळां मात्र चालू नोंद अर्धवट राहिली. त्या दोन्ही वेळां पेटीनें चिठ्ठीही दिली नव्हती.