मानलेली नाती हाडांत सापडत नाहीत

प्राचीन डीएनएची बातमी आली की मथळा जवळपास ठरलेला असतो: जगातलं सर्वांत जुनं कुटुंब सापडलं! माझा आक्षेप विज्ञानाला नाही, त्या 'कुटुंब' शब्दाला आहे. कानाच्या आतल्या टणक हाडातून हजारो वर्षांपूर्वीचा डीएनए मिळतो, दोन सांगाड्यांची तुलना होते आणि कोण कुणाच्या पोटचं हे कळतं. ही मोठीच गोष्ट आहे. पण कोण कुणाला आपलं मानत होतं, हे त्यातून कळत नाही.

इंग्लंडमधल्या हेझलटन नॉर्थ इथल्या सुमारे 5,700 वर्षांपूर्वीच्या दगडी समाधीचं उदाहरण घ्या. तिच्यावरचं संशोधन 2021 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. 35 जणांचा डीएनए मिळाला, त्यातले 27 एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांमधले निघाले. मुळाशी एक पुरुष आणि त्याच्यापासून मुलं झालेल्या चार स्त्रिया. 'चार बायका' म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या नजरा कुणाकडे वळतात, हे मी सांगायला नको. पण त्या चौघी एकाच वेळी त्याच्या घरात होत्या की एकीमागून एक आल्या, हे डीएनएला सांगता येत नाही.

त्याच समाधीत असेही पुरुष आहेत, ज्यांची आई या घराण्यात आली होती, पण बाप दुसराच होता. म्हणजे सावत्र मुलगे. तरीही त्यांना घराण्याच्या समाधीत जागा मिळाली. आठ जणांचं तर तिथं कुणाशीच रक्ताचं नातं सापडलं नाही. उलट, घराण्यातल्या मोठ्या झालेल्या लेकी तिथं नाहीतच. रक्त असून जागा नाही, रक्त नसून जागा आहे. मग नातं रक्तानं ठरत होतं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तुर्कस्तानातल्या चाताल्ह्योयुकला लोक आपले मृत घराच्या जमिनीखाली पुरत. एकाच घराखाली पुरलेली मुलं भावंडं असणार, असं कुणालाही वाटेल. 2021 मध्ये आलेल्या अभ्यासात त्यातली बरीचशी एकमेकांच्या रक्ताची नव्हती. 2025 मध्ये 131 जणांच्या डीएनएवरून दिसलं की घराखालच्या लोकांत जिथं रक्ताचा धागा आहे, तिथं तो बापापेक्षा आईकडून जास्त जातो. म्हणजे 'माणूस मुळापासून पितृसत्ताकच' हेही छातीठोकपणे म्हणायची सोय राहिली नाही.

यात आश्चर्य कसलं? मराठीत 'मानलेला भाऊ' आहे, दत्तक मुलगा आहे. इस्लामी कायद्यात एकाच बाईचं दूध प्यायलेल्या मुलामुलीचं लग्न सख्ख्या भावंडांसारखंच निषिद्ध असतं. उद्या कुणी त्या दोघांची हाडं तपासली, तर अहवालात 'नातं नाही' असंच येईल.

हा वाद फक्त परदेशातल्या थडग्यांचा नाही. 2019 मध्ये हरियाणातल्या राखीगढीचं संशोधन प्रसिद्ध झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात प्रमुख होते. 61 नमुने तपासले, त्यातून एकाच स्त्रीचा डीएनए कामी आला. तेवढ्यावर इथले मूळचे कोण आणि बाहेरचे कोण, याचे निकाल लावणारे लगेच पुढे आले. हा प्रश्न ज्यांना पिढ्यान् पिढ्या विचारला जातो, त्यांतला मीही एक. म्हणून सांगतो, माणसं कुठून आली हा प्रयोगशाळेचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला ऐकायचंही आहे. पण आपलं कोण, याचा निवाडा प्रयोगशाळेवर ढकलणं ही पळवाट आहे. हेझलटनच्या लोकांनी सावत्र मुलाला आपल्या समाधीत घेतलं, ते कुणाचा अहवाल पाहून नव्हे. तो निर्णय त्यांचा होता. आपला आपल्यालाच घ्यावा लागेल.