बडोद्याच्या पाण्याचा ताळेबंद प्रसिद्ध करण्याविषयी निवेदन

प्रति,
माननीय महापालिका आयुक्त,
वडोदरा महानगरपालिका,
खंडेराव मार्केट, वडोदरा.

विषय: पाणीपुरवठ्याच्या संज्ञांच्या व्याख्या निश्चित करून त्यांनुसार पाण्याचा जमाखर्च दरमहा जाहीर करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे बडोद्याचे मराठीभाषक रहिवासी पुढील निवेदन आपल्या सेवेशी सविनय सादर करीत आहोत. त्याची गुजराती प्रत सोबत जोडली आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने व अभियंता जगन्नाथ सदाशिव यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या आजव्याच्या सरोवराचे पाणी 1892 मध्ये नळावाटे शहरात आले, तेव्हा येथील वस्ती लाख-सव्वा लाखाच्या दरम्यान होती. 2011 च्या जनगणनेत ती साडेसोळा लाखांवर गेली, आणि दरम्यान आजव्याच्या जोडीला मही नदीच्या पात्रातील फाजलपूर, रायका, दोडका व पोईचा येथील फ्रेंच विहिरींचा आणि नर्मदेच्या कालव्याचा आधार घ्यावा लागला. उगम वाढले, नळांचे जाळे दूरवर पसरले. परंतु पाणी किती आले, किती पोचले आणि किती वाया गेले, याचा सामान्य कुटुंबाला समजेल असा एकत्रित ताळेबंद हाती नसेल, तर काटकसरीचे आवाहन कितीही कळकळीचे असले तरी निष्फळच ठरावयाचे.

पावसाळ्यात आजव्याची पातळी फुटांत सांगितली जाते. परंतु सरोवराचे पात्र वरच्या अंगास पसरट होत जात असल्यामुळे तळाकडचा एक फूट व माथ्याकडचा एक फूट यांतील पाणी सारखे नसते, आणि उपसता न येणारा मृत साठा वजा केल्यावाचून उपयुक्त साठ्याचा बोध होत नाही. तीच गोष्ट दरडोई पुरवठ्याची: उगमाशी मोजलेल्या पाण्यास लोकसंख्येने भागून येणारा आकडा आणि घरच्या नळाशी प्रत्यक्ष मिळणारे पाणी यांत गळतीचे सारे अंतर असते. हिशेबाबाहेरच्या पाण्यात तर फुटक्या नळांबरोबरच बेकायदा जोडण्या, नादुरुस्त मीटर व विनाआकार पुरवठा यांचाही अंतर्भाव होतो. प्रत्येकाचा इलाज निराळा असल्यामुळे त्यांची केवळ बेरीज दाखविणे पुरेसे नाही.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या 2008 च्या सेवामानकांत दरडोई दररोज 135 लिटर पुरवठा, सर्व जोडण्यांस मीटर व हिशेबाबाहेरचे पाणी फार तर 20 टक्के, अशी अपेक्षा आहे. 2011 च्या वस्तीस या मानाने दररोज सुमारे 22.5 कोटी लिटर पाणी लागते. परंतु वाटेत 20 टक्के गळून जाणार असेल, तर उगमातून 28 कोटींहून अधिक सोडावे लागते. गळतीतून वाचविलेल्या पाण्याच्या उपशाचा व शुद्धीकरणाचा खर्च आधीच झालेला असतो, म्हणून नव्या उगमाच्या शोधाआधी गळतीचा बंदोबस्त होणे न्याय्य आहे.

कारभाराच्या संज्ञा आठ भाषांत निश्चित करणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ 1931 मध्ये ज्या नगरीत सिद्ध झाला, त्या नगरीत आमच्या पुढील मागण्या अनाठायी ठरू नयेत:

1. उपरोक्त संज्ञांच्या व्याख्यांची पुस्तिका गुजराती, मराठी व हिंदीत काढून प्रत्येक वॉर्ड कचेरीत ठेवावी.

2. आजवा, मही व नर्मदा या तिन्ही उगमांच्या आवक-जावकेचा तपशील दरमहा प्रसिद्ध करावा, आणि आजव्याच्या पातळीसोबत उपयुक्त साठा व तो किती दिवस पुरेल हेही नमूद करावे.

3. उगम, निमेट्याचे शुद्धीकरण केंद्र, टाक्या व वॉर्ड या प्रत्येक टप्प्यावर पाणी मोजून गळती व महसुली तूट यांची पृथक् नोंद ठेवावी, आणि तिची त्रयस्थाकडून वार्षिक तपासणी करवावी.

4. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून शहरात केलेला हाहाकार लक्षात घेऊन, आजव्यातून तिच्यात होणाऱ्या विसर्गाची वेळ व प्रमाण नदीकाठच्या वस्त्यांस आगाऊ कळवावे.

5. सार्वजनिक इमारतींच्या छपरांवरील पावसाचे पाणी भूगर्भात मुरविण्याची तजवीज करावी, आणि बागा व बांधकामे यांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे.

या मागण्यांवर विचार होऊन लेखी उत्तर मिळावे, तसेच पाणीपुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांसमवेत बैठकीची तारीख मुक्रर करावी, अशी विनंती आहे. हिशेब खुला झाल्यास आपापल्या वस्तीतील गळतीची वर्दी देण्याची व घरोघर पाणी जपण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने पत्करू.

कळावे.

आपले विनम्र,
बडोद्याचे मराठीभाषक नागरिक