सबिलीचा मांडव उतरल्यावर

मगरीबची अजान होते, खजूर तोंडात पडते आणि पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो. पाण्याची किंमत त्या घोटात कळते. रोजेदाराची तहान मात्र ठरलेल्या वेळी भागते. आपल्याच शहरातल्या कित्येक वस्त्यांत पाण्याची विवंचना बारा महिने असते.

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी दर आठवड्याला एक दिवस गैरहजर असे. विचारले तर म्हणाली, ‘मॅडम, त्या दिवशी नळ येतो. अम्मी कामावर जाते, पाणी मीच भरते.’ तिच्या धाकट्या भावाची शाळाही वरचेवर बुडे, ती जुलाबांमुळे.

यामागचे कारण सोपे आहे. नळ बंद असतो तेव्हा जलवाहिनी रिकामी राहते. ती फुटकी असली, की शेजारच्या गटारीचे पाणी आत शिरते आणि पुढच्या वेळी नळातून घरात येते. मग तेच पाणी ड्रममध्ये आठवडाभर साठते, त्यात सगळ्यांचे हात बुडतात. वारंवार जुलाब झाले की मुलाच्या अंगी अन्न लागत नाही, वाढ खुंटते, अभ्यास मागे पडतो. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसले, तर वयात आलेल्या मुली पाळीच्या दिवसांत घरीच थांबतात.

हजला गेलेले भाविक सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतात. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावणाऱ्या बीबी हाजरांची ती आठवण आहे. हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. पाणी देणाऱ्याने घेणाऱ्याची जात-मजहब विचारू नये, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

रमजानात आपण सबील लावतो, उन्हाळ्यात मंडळे पाणपोई घालतात. दोन्ही चांगलेच, पण मांडव उतरला की काम संपते. यंदा मोहल्ला कमिटी आणि गणेश मंडळ यांनी मिळून वस्तीतली एक शाळा घ्यावी. झाकणाची टाकी, पुरेशा तोट्या, हात धुवायला साबण, टाकी धुण्याचे ठरलेले वेळापत्रक आणि पाण्यातल्या क्लोरीनची नियमित तपासणी, एवढे पुरे. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत. हा खर्च सदक्यातून व्हावा. हा सदका-ए-जारिया, म्हणजे ज्याचे पुण्य चालूच राहते असे दान.

घरीही पाणी उकळून, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. जुलाब सुरू होताच मुलाला ओआरएस द्यावे आणि दवाखान्यात न्यावे.

मात्र आपल्या दानाने नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. फुटकी जलवाहिनी बदलून घेण्यासाठी अर्ज करावा लागेल, पुन्हा पुन्हा विचारावे लागेल. त्या अर्जावर सगळ्या मोहल्ल्यांच्या सह्या असाव्यात, कारण नळाचे पाणी सगळ्यांचीच मुले पितात.