झील धरणारा वर्ग

प्राथमिक शाळेतील संगीताचा विषय निघाला की चर्चा बहुधा संगीतशिक्षक नाही, पेटी नाही आणि तासिका नाही या तीन उणिवांपाशी येऊन थांबते. या उणिवा खऱ्या आहेत. परंतु त्यांच्याकडेच पाहत राहिल्याने हे ध्यानात येत नाही की वर्धेच्या काठावरील कौंडण्यपूर आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केलेला मोझरीचा गुरुकुंज आश्रम ज्या तिवसा तालुक्यात आहेत, त्या तालुक्यात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, लहान मुलांना संगीत शिकवण्याची एक स्वयंपूर्ण पद्धत कित्येक पिढ्यांपासून नांदत आहे. ती पद्धत म्हणजे गावचे भजनी मंडळ. शाळेने त्याच्याकडे केवळ धार्मिक कार्यक्रम म्हणून पाहिले, आणि त्यामुळे अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने त्यात जे मोलाचे आहे ते वर्गाबाहेरच राहून गेले.

भजनात मुख्य गायक एक ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ उचलून परत म्हणतात आणि ध्रुवपदाशी सर्वांचा आवाज एक होतो. मागे साथ देणाऱ्यांच्या या गाण्याला ‘झील धरणे’ म्हणतात. मूल प्रथम कडेला बसून नुसते ऐकते, मग टाळ्या वाजवू लागते, पुढे कोणीतरी त्याच्या हाती टाळ देतो, आणि पुष्कळ दिवसांनी एखादी ओळ त्याच्या वाट्याला येते. या साऱ्या प्रवासात त्याची परीक्षा कोणी घेत नाही आणि त्याला गप्पही कोणी बसवत नाही. म्हणण्याआधी ऐकणे, एकट्याने गाण्याआधी समूहात गाणे आणि तालाचे नाव कळण्याआधी तो अंगात मुरणे, हा क्रम येथे कोणीही न आखता पाळला जातो. प्राथमिक वर्गासाठी तोच क्रम उचलावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शिक्षक मिळण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, याचे कारण कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराच्या वर असेल तेथे. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. म्हणजे या वयात संगीत शिकवायचे ते वर्गशिक्षकानेच, आणि त्याच्याजवळ असेल ते साधन असते त्याचा स्वतःचा आवाज, मुलांचे हात-पाय आणि फार तर एखादी खंजिरी. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे वऱ्हाडात घरोघर ओळखीचे झालेले हे वाद्य लाकडी कड्यावर एका बाजूने कातडे ताणून आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसवून केलेले असते. ते हलके असते, एका हातात धरता येते, आणि मुख्य म्हणजे शिक्षकाचे तोंड व नजर मुलांसाठी मोकळी ठेवते. पेटीमागे बसलेल्या शिक्षकाला हे साधत नाही, हा खंजिरीचा वर्गातील मोठा गुण आहे.

आरंभ लयीपासून करावा. लय म्हणजे समान अंतराने चालणारी गती, मात्रा म्हणजे त्या गतीचे एक पाऊल, आणि ताल म्हणजे ठराविक मात्रांचे पुनःपुन्हा येणारे आवर्तन. पण या व्याख्या मुलांना सांगायच्या त्या शेवटी. परंपरेनुसार १५९४ साली संत सदाराम महाराजांनी सुरू केलेली रुक्मिणीची पालखी कौंडण्यपुराहून पंढरीला निघते, तेव्हा टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणारे वारकरी या भागातील मुलांनी पाहिलेले असतात, म्हणून चालण्यातूनच सुरुवात करणे येथे स्वाभाविक आहे. शिक्षकाने खंजिरीवर एकसारखे ठोके द्यावेत, मुलांनी गोल फिरत प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकावे. मग खंजिरी थांबवावी, मुलांनी मात्र न बोलता आठ पावले तशीच चालत राहावे आणि नवव्या पावलाला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, सर्वांनी एकदम टाळी द्यावी. ती टाळी विस्कळीत पडली तर काय चुकले हे मुलांना आपोआप ऐकू येते. येथे एक पथ्य आहे: लहान मुलांची स्वाभाविक चाल मोठ्यांपेक्षा जलद असते, त्यामुळे ठोक्यांचा वेग शिक्षकाच्या सवयीने नव्हे तर मुलांच्या पावलांवरून ठरवावा.

दुसरी अडचण अशी की मुले गाताना प्रत्येक अक्षराला टाळी मारतात, आणि शब्दांची लांबी-आखूडपणा व खालून सारखी वाहणारी लय यांतला भेद त्यांच्या लक्षात येत नाही. तो दाखवायला ओळखीच्या गावांची नावे फार उपयोगी पडतात. मराठी छंदःशास्त्रात ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराची दोन मात्रा धरतात, आणि जोडाक्षराच्या आधी जोर येणारे अक्षरही दीर्घ मानतात. या हिशेबाने ‘तिवसा’ म्हणजे एक, एक, दोन, मिळून चार मात्रा. ‘वर्धा’ म्हणजे दोन, दोन, याही चारच. ‘कौंडण्यपूर’ या नावात दोन, दोन, एक, दोन, एक अशा बरोबर आठ मात्रा येतात आणि त्या चार-चारच्या दोन भागांत नेमक्या तुटतात, म्हणजे हे नाव केरवा तालाचे, ज्यात आठ मात्रा असतात, एक आवर्तन पुरे भरते. ‘अचलपूर’ मात्र सहा मात्रांचे, तीन-तीनच्या भागांचे, म्हणून ते दादऱ्यात बसते. अर्ध्या वर्गाने पायाने सारखी लय धरावी आणि उरलेल्या अर्ध्याने त्यावर ‘कौंडण्यपूर, कौंडण्यपूर’ म्हणत अक्षरांच्या लांबीप्रमाणे टाळ्या द्याव्यात, मग बाजू बदलाव्यात. आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम, तिथे टाळी. केरव्यात पाचवीला आणि दादऱ्यात चौथीला खाली, तिथे तळहात उघडून बाजूला न्यायचा. एवढे एका आठवड्यात जमले की तिसरी-चौथीची मुले आपल्या गावांची आणि आपल्या नावांची मापे स्वतःच काढू लागतात, आणि मराठीच्या तासाला लघू-गुरू शिकवण्याचे निम्मे काम त्यातच उरकते.

स्वराच्या बाबतीत शाळांतून सर्वांत जास्त चूक होते ती पट्टीची, म्हणजे ज्या उंचीवर ‘सा’ धरून गायचे त्या उंचीची. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज सहज चालतो तो पेटीवरील मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून साधारण पांढरी सहापर्यंत. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या खालच्या आवाजात ओळ सांगतात, तेव्हा काही मुले ती बरोबर एक सप्तक वर उचलतात, पण काही मुले शिक्षकाच्याच उंचीवर उतरायचा प्रयत्न करतात, त्यांचा गळा घोगरा होतो आणि मग ती ‘बेसूर’ ठरवली जातात. यावर उपाय सोपा आहे: ओळ शिक्षकाने सांगावी, पण पहिला स्वर स्थिर आवाजाच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने द्यावा आणि वर्गाने तो उचलावा. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गाजवलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले आणि परिपाठाला म्हटले जाऊ लागले. शाहिरी बाण्याच्या या गाण्यात मुले जोर म्हणून ओरडतात. पहिला स्वर नीट दिला आणि मुलांना शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच आवाजात गायला सांगितले, तर रोजचा परिपाठ हाच स्वरसाधनेचा तास होऊ शकतो.

सात स्वर एकदम घोकवण्याची घाई करू नये. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारावर उभ्या राहिलेल्या पद्धतीत मुलांना प्रथम दोनच स्वर देतात, ते आपल्या भाषेत प आणि ग, कारण दूरवरून हाक मारताना मुलांचा आवाज पुष्कळदा याच अंतराने खाली येतो. आणि मातृभाषेतील लोकगीत हाच मुलाचा पहिला पाठ असावा हा कोदाय यांचा आग्रह होता. जर्मनीचे कार्ल ऑर्फ यांनी मुलांच्या पट्ट्यांच्या वाद्यांतून काही पट्ट्या काढून पाचच स्वर ठेवण्याची सोय केली. आपल्या भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे स्वर नेमके तेच आहेत. त्यांत लगतच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच येत नसल्यामुळे मुलांनी मनाने काहीही जुळवले तरी ते कानाला फारसे खुपत नाही. म्हणून चौथी-पाचवीत शिक्षकाने चार मात्रांचा एक प्रश्न गावा आणि मुलाने त्याच पाच स्वरांत चार मात्रांचे उत्तर द्यावे, हा खेळ निर्धास्तपणे खेळता येतो.

गाण्यांचा साठा बाहेरून आणण्याची गरज नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांतली पुष्कळशी चार-पाच स्वरांतच फिरतात, त्यांत कडव्यामागून कडवे साखळीसारखे वाढत जाते आणि टिपऱ्यांचा ठेका असतो, म्हणजे लय, स्मरण आणि स्वर या तिन्हींचा सराव एकाच गाण्यात होतो. ती शाळेत मुलग्यांनीही म्हणावीत. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे जोरकसपणे म्हटल्या जाणाऱ्या यमकबद्ध रचना, या स्वराशिवायच्या लयीसाठी उत्तम आहेत. भीमगीतांची वऱ्हाडातली परंपरा जोमदार आहे आणि मेळघाटातील कोरकू समाजाच्या नाचांची स्वतःची लय आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे: जिल्हा परिषदेच्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात, तेव्हा भजनी मंडळाकडून घ्यायची ती रचना, कोणत्याही एका दैवताची भक्ती नव्हे. ओळ सांगणारा एक आणि झील धरणारे अनेक हा साचा शेतावरच्या, पावसाच्या किंवा पाढ्यांच्या गाण्यालाही तितकाच लागू पडतो.

या सगळ्याच्या आड येते ते स्नेहसंमेलन. ध्वनिमुद्रित चित्रपटगीत लावून त्यावर नाच बसवण्यात आणि समूहगीत स्पर्धेसाठी पाच-सहा ‘चांगले आवाज’ निवडून बाकीच्यांना ओठ हलवायला सांगण्यात वर्षाचा कितीतरी वेळ जातो, आणि ज्या मुलाला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच गाण्याबाहेर पडते. सात वर्षांच्या मुलाला ‘तू गाऊ नकोस’ असे सांगणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे आणि तो पुढे आयुष्यभर भरून निघत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत ‘आवाज गोड’ असे लिहिण्यापेक्षा मूल आठ मात्रा एकटे लय धरू शकते काय, दिलेला स्वर परत देऊ शकते काय आणि दुसरा गात असताना थांबून ऐकते काय, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तर त्या नोंदीचा पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला उपयोग होईल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक पारंपरिक कलांच्या जाणकारांना शाळेत मार्गदर्शक म्हणून नेमण्याची शिफारस केलेली आहे, आणि ज्या गावात खंजिरी, टाळ व पखवाज वाजवणारी माणसे घरटी सापडतात तेथे ती अमलात आणणे अवघड नाही. मात्र शिकवण्याचा क्रम वर्गशिक्षकाच्याच हाती राहावा, कारण मंडळातल्या वादकाला ताल येतो पण तीस मुलांचा वर्ग त्याने हाताळलेला नसतो. त्यासाठी केंद्रस्तरावर भरणाऱ्या शिक्षण परिषदेत एक तास शिक्षकांनी स्वतः गोल फिरून, टाळी-खाली देऊन आणि एकमेकांच्या ओळीला झील धरून घालवावा; पट्टी कोणती घ्यावी हे त्यांना तेथे आपल्याच गळ्यावर कळेल, आणि जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा पहिल्या आठवड्याची चालण्याची व टाळीची तयारी त्यांच्या पायांत असेल.